काजवे दिसतात झाडावर, राहतात जमिनीत : भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सववाल्यांना खुले पत्र

प्रति,
भंडारदरा, शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे इथले कॅम्पवाले, हॉटेलवाले, गाइड, जीपवाले आणि दरवर्षी ‘काजवा महोत्सवा’ची पोस्टरं छापणारी समस्त मंडळी,

स. न. वि. वि.

मृग निघाला, पावसाने जोर धरला आणि तुमचे तंबू खाली आले. भाताची आवणी सुरू व्हायच्या आत तुम्हाला दोन घटका सवड मिळेल, म्हणून आत्ताच लिहायला बसलो. मे महिन्यात लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं, त्या दिवसांत तुमच्या कानाचा फोन सुटत नाही. शिवाय ज्याबद्दल लिहायचंय ते आत्ता, या पावसातच चाललंय. पुढच्या रोहिणीत जे दाखवून तुम्ही पैसे घेणार, त्याची अंडी आज हिरड्या-सादड्याखालच्या ओल्या मातीत पडलेली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महोत्सव बंद करा, हे सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर नारायणगावला मजुरीला जायची आणि होळीपर्यंत हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजरीच लागायची. त्यातली काही आज स्वतःचे चार तंबू लावतात, घरचे लोक पिठलं-भाकरी आणि मासवडी करून वाढतात, पोरगं शाळेत राहतं. अंधार विकून संसार चालवणारी गावं राज्यात फार नसतील. हा धंदा बुडावा असं माझ्यासारख्या मास्तराला वाटण्याचं कारणच नाही. तो तुमच्या नातवंडांनाही करता यावा, एवढाच माझा स्वार्थ.

दर मे महिन्यात त्याच त्या सूचना निघतात. टॉर्च मारू नका, हेडलाइट बंद करा, डीजे लावू नका, बाटलीत काजवे भरू नका. वन विभाग फलक लावतो, वर्तमानपत्रं छापतात, तुम्हीही आपापल्या पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकता. सगळं बरोबर आहे. पण या सगळ्या सूचना काजव्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांच्या आहेत. त्याआधीचे अकरा महिने तो कुठे असतो, काय खातो, कशाने मरतो, याबद्दल ना फलकावर एक ओळ असते ना आपल्या बोलण्यात.

मादी अंडी घालते ती ओलसर मातीत, शेवाळात, कुजक्या पाल्याच्या थरात. तीनेक आठवड्यांत त्यातून अळी निघते. ती अळी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? आमच्या शाळेमागे ओढ्याच्या काठी एक सादडा उन्मळून पडलाय. कुणी नेला नाही म्हणून तिथेच कुजत असतो. जुलै-ऑगस्टात त्याच्या सुटलेल्या सालीखाली किंवा शेजारच्या पाचोळ्यात ती हमखास सापडते. बोटाच्या पेरापेक्षा लहान, चपटी, काळपट तपकिरी, पाठीवर एकावर एक चढलेल्या टणक पट्ट्या. डोकं इतकं बारीक आणि आत ओढून घेतलेलं की पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळतच नाही. अंधार पडला की शेपटाकडे दोन फिकट हिरवे ठिपके लागतात. होय, अळीसुद्धा उजेड देते. फक्त ती तो जमिनीवर देते आणि पाऊस कोसळत असताना देते, म्हणून कुणी तिकीट काढून बघायला येत नाही.

तिचं मुख्य खाणं गोगलगायी. गांडुळं आणि इतर मऊ अंगाचे किडेही चालतात, पण खरी भिस्त गोगलगायीवर. गोगलगाय सरकत गेली की मागे चकचकीत चिकट रेघ उरते. त्या रेघेचा माग काढत अळी निघते. गाठलं की मऊ अंगाला चावा घेते आणि झटक्यात मागे सरते. गोगलगाय फेस काढते, शंखात आक्रसते. अळी थांबते. पुन्हा चावा, पुन्हा माघार. तिच्या वाकड्या जबड्यांतून विष आत जातं आणि गोगलगाय लुळी पडते. मग पाचक रस सोडून ती आतलं मांस पातळ करते आणि पिऊन टाकते. कधी एकाच शंखाला तीन-तीन, चार-चार अळ्या तोंड लावून बसलेल्या असतात. मी आठवीच्या पोरांना हे दाखवलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललंच नाही, आणि मग एकाने विचारलं, ‘‘सर, आपल्या वावरातल्या गोगलगायी पण हीच खाती का?’’ खाते. वावराच्या बांधावर पाला आणि ओल असेल तर तिथेही येते.

पाऊस सरला की अळी जमिनीत खाली जाते, हिवाळा-उन्हाळा तिथे काढते आणि पावसाच्या तोंडावर मातीतच कोष करते. वळवाच्या एक-दोन सरींनी जमीन जराशी भिजली की पंख फुटलेला काजवा वर येतो. तोवर त्याचं जेवणखाण जवळपास आटोपलेलं असतं. अनेक जातींचे मोठे काजवे काहीच खात नाहीत, काही जरासा मध चाखतात. अळीने पावसाळाभर जे अंगावर साठवलं, त्यावर हा पंधरा-वीस दिवसांचा उजेड निभतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. तुमचा पाहुणा मान वर करून ज्या झाडाकडे बघतो, त्या झाडाचा उजेड त्याच्या बुटाखालच्या पाल्यात तयार झालेला असतो.

आता आपले कॅम्प कसे उभे राहतात ते बघू. एका कॅम्पवर मी मेच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण तसे पुष्कळ आहेत. मालक ओळखीचा, चहाला थांबवून घेतलं. तीन जुन्या हिरड्यांखाली झाडून लख्ख केलेली जागा, कोपऱ्यात पाल्याचा धुमसता ढीग, करवंदीच्या जाळ्या मुळासकट उपटलेल्या, दगडांना चुना, बुंध्यांना एलईडीच्या माळा गुंडाळलेल्या. बाजूला जेसीबीने उतार कापून गाड्यांसाठी सपाट केलेलं मैदान. ‘‘मास्तर, कसं चकाचक केलंय! सापकिरडाचं भ्याव नाही आता.’’ त्याचं काही खोटं नव्हतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला पाला बघवत नाही, आणि रात्री तंबूत विंचू निघाला तर तो पैसे परत मागतो. पण मेचा पहिला आठवडा म्हणजे काजव्याचे कोष मातीत असण्याचे दिवस. ज्याच्या नावाने पोस्टर छापलं, त्याच्याच घरावरून रोलर फिरवून आपण पाहुण्यांच्या गाड्या लावतो.

त्या कॅम्पवर धुराचं यंत्रही होतं. डास येऊ नयेत म्हणून संध्याकाळी फवारा मारायचा. डास मरतात की नाही देव जाणे. त्या धुराला डास कुठला नि काजवा कुठला हे मात्र ओळखता येत नाही.

वणव्यावर बोलायचं तर आधी राबावर बोललं पाहिजे, नाहीतर बाहेरची मंडळी दोन्ही एकाच मापाने मोजतात. राब भाजणं म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पाला-शेण पसरून जमीन भाजायची, वावराच्या एका तुकड्यात, बांधाच्या आत, माणूस उभा राहून करतो ते काम. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिमग्यापासून पुढे डोंगरावर रात्रभर सरकत जाणारी लाल रेघ ही वेगळी गोष्ट आहे. कुणी टाकलेली विडी, कुणी चांगलं गवत येईल म्हणून मुद्दाम ओढलेली काडी, कुणा ट्रेकरची न विझवलेली शेकोटी. आग गवतावरून झरझर निघून गेली तर चार बोटं खालची अळी कदाचित वाचतेही. गोगलगाय वाचत नाही. उन्हाळ्यात ती शंखाच्या तोंडावर पातळ पडदा धरून पाल्यात, कपारीत, बुंध्याच्या सालीला चिकटून निजलेली असते. तिने पळायचं कुठे? वणवा गेलेल्या उतारावर दुसऱ्या दिवशी चाला, राखेत पांढरे पडलेले शंख पायाखाली कुरकुरतात. त्या उतारावर जुलैत अंड्यातून निघणाऱ्या अळीने काय खायचं? पाला जळाल्यावर जमीन उघडी पडते, पहिल्याच मोठ्या पावसात माती ओहोळाला लागते आणि ज्या ओलीवर अंडी जगायची ती ओलही टिकत नाही.

‘‘आज्यापणज्यापासून वणवे लागतात, काजवे राहिलेच की,’’ असं मला घाटघरच्या एका म्हाताऱ्याने सुनावलं आहे. त्यांचा मान राखून सांगतो, आज्यापणज्याच्या काळात वणव्याच्या जोडीला डांबरी रस्त्यावरची शनिवारची गाड्यांची रांग नव्हती, जेसीबी नव्हता, रात्रभर जळणारे दिवे नव्हते आणि फवारा नव्हता. एकट्या आगीतून रान सावरायचं. आता त्याला सावरायला मधली उसंतच मिळत नाही.

दिव्यांचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नर उडता उडता लुकलुकतो, मादी खालून किंवा फांदीवरून उत्तर देते. आजूबाजूला उजेड असला की त्यांना एकमेकांचं दिसत नाही. नर लुकलुकून थकतो, मादी उत्तर द्यायची राहते, अंडी पडत नाहीत. दहा मिनिटांच्या हेडलाइटने झाडावरचा खेळ थांबतो हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण गेटवरचा, संडासाजवळचा, किचनच्या पत्र्यावरचा पांढरा एलईडी रात्रभर चालू असतो, त्याचं काय? रोज रात्री जळणारा हा दिवा पाहुण्याच्या टॉर्चपेक्षा जास्त नडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो दिवा पाहुण्याचा नसून तुमचा आहे. (जाता जाता : काजव्याच्या पोटातल्या ल्युसिफेरेज या विकरावर आधारलेल्या चाचणीने आज अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत यंत्रं नीट धुतली की नाही हे तपासतात. राहिलेल्या खरकट्यातल्या आणि जंतूंतल्या ऊर्जाद्रव्याशी ते विकर मिळालं की उजेड पडतो. जेवढी घाण, तेवढा उजेड. आपल्या किचनमध्ये एकदा लावून बघायला हरकत नाही.)

आता मूळ प्रश्न. तुमच्यातल्याच एकाने तो मला तोंडावर विचारला होता. ‘‘मास्तर, काजवा म्हणजे काय वाघ आहे का? धंद्याचं सोडा, पण तो गेला तर रानाचं काय बिघडतंय?’’

विचारणं रास्त आहे. आपल्याकडे बिबट्याने शेळी नेली की पंचनामा होतो, भरपाई मिळते, पेपरात फोटो येतो. एखाद्या उतारावरच्या गोगलगायी संपल्या तर पंचनाम्याला कोण येणार? पण रान चालतं ते या बारक्या जिवांवर. ज्या झाडावर तुम्ही काजवे दाखवता, त्या हिरड्यापासूनच सुरू करू. उन्हाळ्यात त्याला फिक्कट पिवळे, उग्र वासाचे बारीक तुरे येतात. त्यांवर माश्या, मधमाश्या, भुंगे, नाना प्रकारचे किडे घोंगावतात आणि परागीभवन करतात. किडे आले नाहीत तर फळ धरत नाही. बाळहिरड्याच्या पोत्याला काय भाव मिळाला यावर अकोले, जुन्नर, आंबेगावच्या कितीतरी घरांची वर्षाची मीठमिरची ठरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते पोतं माणसं भरतात, पण त्याच्या आधी किड्यांनी ते झाडावर भरलेलं असतं.

उंबराचं तर आणखीच विलक्षण. उंबर फोडलं की आत केंबरं निघतात आणि आपण नाक मुरडतो. पण ती केंबरं नसतील तर उंबराला बीच धरणार नाही. उंबराची फुलं फळाच्या आत बंद असतात. मुंगीहून बारीक माशी एवढ्याशा भोकातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आत ती फुलांना परागकण देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक, प्रत्येकाची साधारणपणे आपापली वेगळी माशी. बाकी झाडांना फळ नसतं त्या दिवसांतही उंबर कुठेतरी पिकलेलं असतं. त्यावर हरियल, धनेश, वटवाघळं, वानरं, शेकरू आणि उदमांजरं पोसली जातात. हे सगळं त्या एका केंबरावर उभं आहे.

डांगी गाय रानात चरून शेण टाकते. पावसाळ्यात त्या पोवटीखाली दुसऱ्या दिवशी बघा, शेणकिड्यांनी खालची माती भोकं पाडून चाळणीसारखी केलेली असते. शेण खाली, माती वर. खत मुळांपर्यंत पोचतं, पाणी जिरतं, गोमाश्यांना अंडी घालायला जागा उरत नाही, आणि शेणातून आलेल्या बिया आयत्या पुरल्या जातात. डोंगराला हे काम मजुरीने करून घ्यायचं म्हटलं तर कुठल्याच योजनेत तेवढा निधी बसणार नाही.

वाळवीला आपण शत्रू मानतो, घराच्या वाशाला लागली तर ती शत्रूच. रानात मात्र पडलेलं लाकूड, वाळका पाला, गवताच्या काड्या ती मातीत परत घालते. तिच्या बोगद्यांतून पहिल्या पावसाचं पाणी खाली उतरतं. आणि पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते, जी तुम्ही पाहुण्यांना ‘ऑरगॅनिक’ म्हणून वाढता, ती वाळवीने वारुळाच्या आत जोपासलेल्या बुरशीचीच असते. ती बुरशी वाळवीशिवाय रानात वाढत नाही. म्हणून दुकानात बारमाही अळंबी मिळते ती वेगळ्या जातीची, पिशव्यांत वाढवलेली, आणि तिला ती चव नाही. पहिल्या पावसाला पंखांची वाळवी उठते त्या संध्याकाळी रानात जेवणावळ असते. बेडूक, पाली, सरडे, कोतवाल, घुबडाची पिल्लं, सगळे खाऊन घेतात. पावशा ‘पेरते व्हा’ ओरडत असतो तेव्हा तो पोटासाठी केसाळ सुरवंट शोधत असतो, ज्यांना बाकीचे पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. दाणे खाणारे बहुतेक पक्षीसुद्धा पिल्लांना भरवताना अळ्याच भरवतात. घरट्यातल्या पिल्लाला नुसता दाणा पुरत नाही.

या सगळ्यांचं घर एकच, पाला आणि त्याखालची वीतभर माती. काजवा त्यातला उजेड देणारा एक, म्हणून तो दिसतो. मृगाचा किडा त्यातला लाल मखमली एक, म्हणून पोरं त्याला काड्यापेटीत घालतात. बाकीच्यांना नावंसुद्धा नाहीत. मला काजवा महत्त्वाचा वाटतो तो त्यामुळेच. ज्या पाल्यात काजव्याच्या अळ्या आहेत, तिथे गोगलगायी आहेत, ओल आहे, बुरशी आहे, म्हणजे माती जिवंत आहे. आणि प्रवरेचं पाणी जानेवारीतही ओढ्यांतून येत राहायचं असेल तर ते याच मातीतून पाझरून यायचंय. धरण पाणी अडवतं, ते धरून ठेवण्याचं काम वरचा डोंगर करतो.

अभयारण्याची पाटी लागली म्हणजे हे आपोआप राखलं जातं, असं समजू नका. आपलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. जर्मनीत तर ६३ संरक्षित जागांवर २७ वर्षं सापळे लावून उडणारे किडे जमवले, वजन केले, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापला : वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटलं होतं. संरक्षित जागांवर, बरं का. २०२० साली जगभरच्या काजवे-अभ्यासकांना विचारून काजव्यांपुढचे धोके मांडले गेले. त्यात पहिल्या तीनांत घर हिरावलं जाणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं ही होती. आपल्याकडे एका कॅम्पच्या आवारात तिन्ही सापडतात.

दुसरीकडे काय करतात तेही सांगतो, कारण ‘‘एवढे लोक आवरणार कसे’’ हा तुमचा दुसरा प्रश्न असतो. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे काजवे एका लयीत लुकलुकतात म्हणून झुंबड उडायची. त्यांनी मोजक्या गाड्यांचे परवाने ठरवले आणि ते सोडतीने द्यायला सुरुवात केली. नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी. विजेरीला लाल कागद लावायचा, उजेड पायाशीच, वाट सोडायची नाही. मेक्सिकोत नानाकामिल्पा नावाच्या गावी आपल्यासारखाच गावकऱ्यांनी चालवलेला धंदा आहे. तिथल्या काजव्याच्या मादीला उडता येत नाही, ती जमिनीवरच असते, आणि अंधारात वाट सोडून चालणाऱ्या पाहुण्यांच्या पायाखाली ती चिरडली जाते. तिथे गावाने आखलेल्या पायवाटा हीच तिची ढाल आहे. आपल्याकडे झाडावर बसणारे काजवे उडणारे आहेत, पण त्यांच्याखेरीज जमिनीलगत राहणाऱ्या जातीही असतात, आणि अंडी घालायला मादीला शेवटी जमिनीवर यावंच लागतं. म्हणजे ज्या आठवड्यांत आपल्याकडे गर्दी सर्वांत जास्त, त्याच आठवड्यांत झाडाखालची जमीन सर्वांत नाजूक. पाहुणा रस्त्यावर उभा राहूनही तितकंच बघतो. झाडाच्या बुंध्याशी जाऊन फोटो काढायचा त्याचा हट्ट तुम्हीच मोडायचा आहे.

कायद्याचं ओझरतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ म्हणताना पाठीचा कणा नसलेले जीव, त्यांची पिल्लं आणि अंडीसुद्धा धरली आहेत. अभयारण्यात त्यांचा अधिवास उद्ध्वस्त करायला कलम २९ आडवं येतं आणि आग लावायला कलम ३०. मी हे धमकावायला सांगत नाही. कागदोपत्री काजव्याची अळी बिबट्याच्या शेजारी बसलेली आहे, एवढं ध्यानात असू द्या.

मला काय हवंय ते सांगतो. झाडाखालचा पाला झाडू नका, जाळू तर नकाच. तंबूची जागा आणि स्वयंपाकाची जागा तेवढी साफ ठेवा. सापाची भीती असेल तर पाहुण्याला चप्पल सोडून बूट घालायला सांगा आणि तंबूची चेन लावायला शिकवा. ज्या झाडांवर काजवे बसतात त्यांच्या पसाऱ्याबाहेर दोरी बांधा, आत ना तंबू, ना गाडी, ना माणूस. पडलेलं झाड राहू द्या, चुलीला दुसरं लाकूड मिळतं. नवीन सपाटीकरण यंदापासून बंद. आहे त्या मैदानावर भागवा, नाहीतर गावातल्या पडीक जागेत गाड्या लावून पाहुण्यांना अर्धा-पाऊण तास चालवत न्या. त्यात गाइडच्या पोरांना काम मिळतं आणि पाहुण्याचे डोळे अंधाराला सरावतात, जे गाडीतून उतरल्या उतरल्या कधीच होत नाही. बुंध्यावरच्या माळा काढा. संडासाजवळ दिवा हवाच, पण तो गुडघ्याच्या उंचीवर, लाल कागद लावलेला, वरून झाकलेला आणि गरज असेल तेव्हाच पेटणारा. फवाऱ्याचं यंत्र ज्याचं आहे त्याला परत करा.

‘महोत्सव’ हा प्रकारच मला फारसा पटत नाही, हेही बोलून टाकतो. स्टेज, लाऊडस्पीकर आणि दोन शनिवार-रविवारांत सगळी कमाई. त्यापेक्षा तोच पाहुणा जुलैत पुन्हा आणता आला तर? त्याला पाल्यातली अळी दाखवा, वारुळावरची अळंबी, ओढ्यातले खेकडे, शेणकिडा गोळा ढकलताना दाखवा. आठ-दहा माणसांचा गट, पायात गमबूट, सोबत गावातली एखादी म्हातारी जिला वीस रानभाज्या ओळखता येतात. त्यात गर्दी होणार नाही हे मला कळतं, पण माणशी पैसे जास्त घेता येतील, आणि धंदा तीन आठवड्यांवर टांगलेला राहणार नाही. अळी ओळखायला शिकवायचं काम माझ्याकडे. शाळेमागचा तो सादडा आहेच.

आणि एक काम पावसाळ्यानंतरचं. गवत वाळायला लागलं की जंगलाच्या कडेने आणि कॅम्पांच्या भोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी, काढायला हवी, वन विभागाच्या माणसांबरोबर, तीही शिमग्याच्या बऱ्याच आधी. गेली काही वर्षं ती निघते तेव्हा अर्धा डोंगर आधीच काळा झालेला असतो. यंदा ग्रामसभेत तारीख धरा आणि शाळेत निरोप धाडा. नववी-दहावीची पोरं आणि मी कोयते, दाताळी घेऊन येतो. भाकरी आमची आम्ही आणू, चहाचं तेवढं तुम्ही बघा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अकोले तालुक्यातला एक शाळामास्तर